दामिनीनं बंद केलेला अलार्म

पेपरात दामिनी कापगतेचं नाव छापलं नव्हतं. ‘कर्तव्यावरील महिला नियंत्रक’ एवढंच होतं. पण लाखनीत ती कोण हे कुणाला विचारावं लागलं नाही. अख्ख्या तालुक्यातून विमानांच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसलेली बाई एकच, आणि ती हायवेच्या कडेला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या टेकचंद कापगत्यांची पोरगी.

बातमीचं शीर्षक मोठ्या टायपात होतं. यंत्र सावध, माणूस बेसावध. खाली मजकूर असा की, आकाशात दोन विमानं जवळ आली, संगणकानं धोक्याचा इशारा दिला, पण ड्युटीवरच्या बाईनं तो अलार्म बंद करून टाकला. पुढं ‘सूत्रांनी सांगितले’. टेकचंदांनी ती बातमी दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर उभ्यानं वाचली, मग बाकावर बसून पुन्हा वाचली. तेवढ्यात मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकानं मागून विचारलं, “तुमचीच पोरगी आहे नं तिथं?”

“हो.”

“मंग घंटी बंद काहून केली तिनं?”

टेकचंदांनी मोटार उतरवून घेतली, “परवा या,” म्हणाले, आणि भर दुपारी शटर खाली ओढून घरी गेले.

दामिनी त्याच संध्याकाळी घरी आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला रडारच्या पडद्यासमोरून उठवलं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आली की त्या वेळी बसलेल्या माणसाला बाजूला करतात, मग चूक कुणाची का असेना. हा नियम तिला मान्य होता. बातमी तिला भंडाऱ्याहून लाखनीकडे येताना एसटीत समजली. शेजारच्या सीटवरचा माणूस ती मोबाईलवर मोठ्यानं वाचून बायकोला ऐकवत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “अशा लोकायले फुकटचा पगार भेटते.” दामिनीनं खिडकीबाहेर पाहिलं. हातातली पाण्याची बाटली तिनं इतकी आवळली होती की ती चेपून गेली.

कापगत्यांचं घर तळ्याच्या बाजूला आहे. मागं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पुढं अंगण. दामिनी याच अंगणात अभ्यास करून इंजिनिअर झाली, स्पर्धा परीक्षा दिली, विमानतळावर निवडली गेली, आणि ट्रेनिंग संपल्यावर दूरच्या एका शहरात मोठ्या कंट्रोल रूममध्ये रुजू झाली. निर्मलाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, पहिल्यापासून वाटत असे की पोरगी उंच टॉवरवर उभी राहून झेंडा दाखवते. दामिनीनं समजावून सांगितलं होतं, की टॉवरवर बसणारे वेगळे. ती ज्या खोलीत बसते तिथून एकही विमान दिसत नाही. खोलीला खिडकीच नाही. समोर मोठा पडदा असतो आणि त्या पडद्यावर आकाश असतं.

तो पडदा तिला आवडायचा. हे ती कुणाला सांगत नसे, पण आवडायचा. प्रत्येक विमानाचा एक ठिपका, ठिपक्याला चिकटलेली छोटीशी पाटी. पाटीवर विमानाचं नाव, उंची, वेग. विमान चढत असेल तर वर बाण, उतरत असेल तर खाली. जुन्या कंट्रोलरना यातलं पुष्कळसं डोक्यात आणि कागदाच्या पट्ट्यांवर ठेवावं लागे. नवी यंत्रणा आली तेव्हा ते ओझं उतरलं. ठिपक्यावर बोट ठेवलं की पुढच्या काही मिनिटांत ते विमान कुठं असेल ते रेघ दाखवायची. दोन विमानांच्या वाटा पुढं जाऊन एकमेकींना छेदणार असतील तर पाट्या आधी पिवळ्या व्हायच्या. अगदीच जवळ येत असतील तर लाल होऊन लुकलुकायच्या आणि अलार्म वाजायचा. आणि दामिनीला सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे पाटीच्या कोपऱ्यातला एक बारीक आकडा. पायलटनं स्वतःच्या कॉकपिटमध्ये कोणती उंची लावली आहे, तो आकडा थेट तिच्या पडद्यावर यायचा. तिनं काय सांगितलं आणि त्यानं काय लावलं, हे शेजारी शेजारी दिसायचं. तिच्या मते असं साधन बनवणाऱ्या माणसानं या धंद्यावर उपकार केले होते.

भानगड होती ती अलार्मची. तो किती अंतरावर वाजावा हे ठरवलं गेलं ते नवे हवाई मार्ग आखण्याच्या आधी. नव्या आखणीत दोन मार्ग समांतर गेले, पुरेसं अंतर ठेवून, सगळं नियमात. पण यंत्राला ते अंतर कमी वाटायचं. त्या दोन मार्गांवर दोन विमानं शेजारून गेली, की पाट्या लाल आणि अलार्म सुरू. धोका काहीच नाही. असं रोज, प्रत्येक शिफ्टमध्ये, गर्दीच्या वेळी तर सारखंच. कंट्रोलर मंडळींनी प्रत्येक बैठकीत हे मांडलं. दामिनीनं तीनदा लेखी दिलं. उत्तर ठरलेलं असायचं, की यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला कळवलं आहे, बदल होईल. तोवर काय करायचं? शिफ्टचे वरिष्ठ धर्मेंद्र सरांनी सगळ्यांना उभं करून तोंडी सांगितलं, “खोटा आहे अशी खात्री करा आणि आवाज बंद करा. नाहीतर रेडिओवरचं ऐकू येणार नाही.”

तोंडीच सांगितलं.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी आकाशात ढगांच्या मोठाल्या राशी होत्या. जो तो पायलट डावीकडं सरकू द्या, उजवीकडं सरकू द्या म्हणून परवानगी मागत होता. दक्षिणेकडून एक विमान वर चढत होतं. दामिनीनं त्याला एकतीस हजार फुटांवर थांबायला सांगितलं, कारण समोरून बत्तीस हजारांवर दुसरं येत होतं. पायलट सांगितलेला आकडा परत बोलून दाखवतो, तशी रीत आहे. तोही बोलला, पण त्याच क्षणी दुसरा कुणी रेडिओवर बोलला आणि दोघांचा मिळून नुसता खरखराट झाला. ती पुन्हा विचारणार, एवढ्यात अलार्म वाजला. तेच समांतर मार्ग, तीच रोजची लाली. तिनं ते दोन ठिपके पाहिले, अंतर पाहिलं, खात्री केली, आवाज बंद केला आणि नजर लगेच चढत्या विमानाच्या पाटीवर आणली.

कोपऱ्यातला आकडा तेहतीस हजार दाखवत होता, म्हणजे ते समोरच्या विमानाच्या उंचीतून वर जाणार होतं.

तिनं चढत्या विमानाला चढणं थांबवून उजवीकडं वळायला सांगितलं, समोरच्याला त्याच्या उजवीकडं. आवाज चढवला नाही. ट्रेनिंगमध्ये तेच शिकवतात, की तुझा आवाज घाबरला तर पायलट घाबरेल. तिची सूचना देऊन झाली, मग त्या दोन विमानांच्या पाट्या लाल झाल्या आणि खरा अलार्म वाजला. विमानं वळली. अंतर नियमापेक्षा कमी झालं होतं, पण टक्कर होईल इतकं नाही. प्रवाशांना बहुतेक वाटलं असेल, ढग चुकवण्यासाठी वळवलं.

म्हणजे अलार्म दोन होते. एक खोटा, जो तिनं बंद केला. एक खरा, जो तिच्या सूचनेनंतर वाजला. चौकशीच्या प्राथमिक टिपणात कुणीतरी दोन्ही एकत्र करून एक ओळ लिहिली: नियंत्रकाने अलार्म बंद केल्याचे दिसते. आणि ती ओळ कुणीतरी पेपराला दिली.

घरी आल्यावर दोन दिवस कुणी तिला काही विचारलं नाही. शेजारणी यायच्या, बसायच्या, धानावर तुडतुड्याची कीड आहे का, यंदा शिंगाडा कसा आहे, असलं बोलायच्या आणि जाताना दामिनीकडं अशा बघायच्या की जशी ती आजारातून उठली आहे. ते तिला सहन होत नव्हतं. कुणी तोंडावर बोललं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. हे न विचारता ठरवून टाकणं होतं.

तिसऱ्या दिवशी निर्मलाबाई तळ्यातले शिंगाडे उकडून सोलायला बसल्या. दामिनीही समोर बसली. मग निर्मलाबाई मान वर न करता म्हणाल्या, “तू बंद केला का नाई तो आवाज?”

दामिनीनं हातातला शिंगाडा बाजूला ठेवला. “आई, तू पण?”

“मी तं विचारून राहिली. बाकीचे विचारतही नाईत.”

“केला,” दामिनी म्हणाली. “बंद केला. पण तो दुसराच होता.” आणि मग ती बोलायला लागली ती थांबेना. दोन दिवस साचलेलं सगळं बाहेर आलं. तिनं जमिनीवर शिंगाडे मांडले. हे समांतर मार्ग, हे रोजचे दोन, हे खालून चढणारं, हे समोरून येणारं. “हे दोघं शेजारून जातात, कधीच भिडत नाईत, तरी तो बोंबलते. रोज बोंबलते. आमी सांगून सांगून थकलो. आणि त्याच वेळी इकडं खरं चाललं व्हतं, ते त्याले उशिरा दिसलं. मले आधी दिसलं. त्यानंच दाखवलेल्या आकड्यावरून दिसलं. मी यंत्राले वाईट म्हणत नाई आई. मी त्याच्याकडं बघतच व्हती. आणि हे लिहितात की माणूस बेसावध.”

निर्मलाबाईंनी मांडलेल्या शिंगाड्यांकडं पाहिलं. “हे सायबायले दिसत नाई का?”

“दिसते.”

“मंग?”

या ‘मंग’चं उत्तर त्याच संध्याकाळी मिळालं.

धर्मेंद्र सरांचा फोन आला. आवाजात माया होती. तब्येत विचारली, आई-वडिलांची चौकशी केली. मग म्हणाले, “दामिनी, हे प्रकरण वाढवू नकोस. तू एक ओळ लिहून दे, की कामाच्या ताणात क्षणभर लक्ष विचलित झालं. तुला पुन्हा थोडं ट्रेनिंग देतील, महिन्याभरात पडद्यावर बसशील. मी बोललोय वर. नाहीतर चौकशी लांबेल, तुझं लायसन्स अडकेल.”

“माझं लक्ष विचलित झालं नव्हतं, सर.”

“मला माहीत आहे गं. पण कागदावर काहीतरी लागतं.”

“मग कागदावर हे लिहू या, की खोटे अलार्म वाजतात म्हणून आवाज बंद करायला सांगितलं होतं. कुणी सांगितलं होतं, सर?”

धर्मेंद्र म्हणाले, “त्याचं आता काय आहे.”

दामिनीनं फोन ठेवला. अंगणात टेकचंद तिचं बोलणं ऐकत उभे होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. एका सहीत सुटका आहे, हेही सांगितलं.

“सही केली तं काय होईन?” त्यांनी विचारलं.

“मी कामावर जाईन. अलार्म तसाच राहीन. मायं लक्ष नव्हतं असं ठरलं म्हणजे यंत्र ठीक आहे असं ठरलं. मंग ते कायले दुरुस्त करतीन? मायानंतर कोणी दुसरी बसन, तीही रोज बंद करन, आणि एखाद्या दिवशी खराच बंद करन.”

टेकचंद कमी बोलणारे. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला. “मंग नको करू,” म्हणाले आणि आत गेले.

आता इथं लाखनीतल्या शाळेची गोष्ट सांगायला हवी. दामिनी ज्या शाळेत शिकली तिथं ऑक्टोबरमध्ये मुलींसाठी एक कार्यक्रम असतो, आणि त्या वर्षी प्रमुख पाहुणी म्हणून दामिनीला बोलावलं होतं. बातमीच्या आधी. पत्रिकाही छापून झाल्या होत्या. शाळेच्या समितीचे अध्यक्ष लक्ष्मणराव हे कापगत्यांचे लांबचे भाऊबंद, दामिनी त्यांना काकाजी म्हणायची. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते घरी आले. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, “बाई, यंदा राहू दे. पुढच्या साली पाहू.”

“काहून काकाजी?”

“लोक बोलतात.”

“काय बोलतात?”

“तुले माहीत आहे.”

“तुमी मले एकदा तरी विचारलं का, की काय झालं?”

“मी कायले विचारू? पेपरात आलं नं सगळं.” ते समजुतीच्या सुरात बोलत होते, आणि तेच दामिनीला जास्त लागलं. “मुलींसमोर आदर्श ठेवायचा असते. तुया भल्यासाठीच म्हणून राहिलो. नागपूरचे एक वक्ते येऊन राहिले, यंत्रबुद्धीवर, त्या एआयवर बोलतीन. चांगला विषय आहे.”

लक्ष्मणराव गेल्यावर निर्मलाबाई म्हणाल्या, तिकडं फिरकूही नको. टेकचंद म्हणाले, शाळा तुयी आहे, जायचं तं जा. दामिनी गेली. पाहुणी म्हणून नाही, जुनी विद्यार्थिनी म्हणून. मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसली. शुभांगी मॅडम, विज्ञान शिकवणाऱ्या, तिला बघून पुढं बोलवायला आल्या, तर तिनं मान हलवून नाही म्हटलं.

नागपूरचे वक्ते चांगले बोलत होते. मुली हसत होत्या. मग त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं, आणि ते पेपरातलं कात्रण होतं. यंत्र सावध, माणूस बेसावध. “पाहा मुलींनो,” वक्ते म्हणाले, “इथं माणूस झोपला होता आणि यंत्र जागं होतं. उद्याचं जग असं आहे.”

दामिनी उभी राहिली. आपण उभ्या राहिलो हे तिला मागाहून समजलं.

“मी झोपले नव्हते,” ती म्हणाली.

सगळ्या मुलींच्या माना मागं वळल्या. वक्त्यांना आधी काही उमजेना. शेजारी बसलेल्या लक्ष्मणरावांनी त्यांच्या कानात सांगितलं, तसा त्यांचा चेहरा बदलला. ते नम्रपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही वैयक्तिक घेऊ नका. मी फक्त उदाहरण दिलं.”

“त्या उदाहरणातली बाई मी आहे. मग मी कसं घेऊ?” दामिनीचा आवाज थरथरत होता, आणि तो थरथरतो आहे याचाच तिला जास्त राग येत होता. रेडिओवर तो कधी थरथरला नव्हता. “तो इशारा माझ्या नंतर आला. मी विमानं वळवली, मग आला. जो बंद केला तो वेगळा होता. तुम्ही ही बातमी इथं लावण्याआधी कुणाला विचारलं होतं?”

लक्ष्मणरावांनी माईक हातात घेतला. “वेळ कमी आहे, कार्यक्रम पुढं नेऊ,” म्हणाले. दामिनी आणखी काही बोलली, पण माईक त्यांच्याकडं होता आणि तिचे शब्द पंख्यांच्या आवाजात गेले. वक्त्यांनी पुढचं चित्र लावलं. दामिनी चपला घालून बाहेर पडली. आपण जिंकून आलो असं तिला मुळीच वाटलं नाही. आपल्याच शाळेत, आपल्याच गावच्या पोरींसमोर आपल्याला बसवून टाकलं, एवढंच वाटलं. ती हायवेच्या कडेनं, ट्रकांच्या धुरळ्यातून, चालत दुकानापर्यंत गेली आणि बापाच्या शेजारी उलट्या डब्यावर बसून रडली. टेकचंद एक मोटार उघडून बसले होते. त्यांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाला हातानंच नंतर या म्हणून सांगितलं.

चौकशी समितीपुढं ती गेली तेव्हा कार्यक्रमाला पंधरा-वीस दिवस झाले होते. समितीत तिघं होते, अध्यक्ष स्वतः जुने कंट्रोलर, केस पांढरे झालेले. बाजूला धर्मेंद्र. भिंतीवर त्या दुपारच्या रेकॉर्डिंगमधलं ते एक मिनिट लावलं होतं. पाट्या लाल होतात, दामिनीचं बोट बटणावर जातं, आवाज थांबतो. अध्यक्ष म्हणाले, “हे तुम्हीच ना?”

“हो सर. पण एक विनंती आहे. हे एकच मिनिट बघू नका. त्या शिफ्टचा अर्धा तास बघा, आवाजासकट, माझ्या जागेवर बसून. कानाला रेडिओ लावून.”

दुसऱ्या सदस्यांना ते वेळखाऊ वाटलं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण अध्यक्षांना बहुधा पडद्यासमोर बसायला मिळेल याचंच बरं वाटलं असावं. ते उठले, ट्रेनिंगच्या खोलीत गेले, खुर्ची पुढं ओढली, हेडफोन लावला. बाकीचे मागं उभे. रेकॉर्डिंग सुरू झालं. ढग, ठिपके, एकापाठोपाठ एक पायलटांचे आवाज. लगेच अलार्म. अध्यक्षांनी पाहिलं, मान हलवली, काही नाही म्हणाले. पुन्हा अलार्म. त्यांनी हेडफोन कानाशी दाबून धरला. एक पायलट काही सांगत होता आणि त्याच्यावर पुन्हा अलार्म वाजला. असं चालू राहिलं. शेवटी एकदा आवाज सुरू झाला, तसा अध्यक्षांचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यांनी बटण दाबून तो बंद केला.

“सर,” दामिनी म्हणाली, “आत्ता तुम्ही काय केलं?”

अध्यक्षांनी आपल्या हाताकडं पाहिलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग वळून धर्मेंद्रकडं पाहत विचारलं, “हे असं बंद करायला यांना सांगितलं होतं का?”

“मला आठवत नाही, सर.”

“सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, सर,” दामिनी म्हणाली आणि धर्मेंद्रकडं वळली. “तुम्ही आता नाही म्हणालात तर मी शिफ्टमधल्या उरलेल्या सगळ्यांना इथं बोलवायला सांगेन. ते येतील की नाही माहीत नाही. पण मी सांगेन.”

धर्मेंद्र खाली बघत म्हणाले, “सांगितलं होतं.” आणि लगेच, “दुसरा इलाज नव्हता.”

“हे मला मान्य आहे,” दामिनी म्हणाली. “तुमच्यापुढं दुसरा इलाज नव्हता. मग माझ्यापुढं कुठला होता?”

अहवाल यायला डिसेंबर उजाडला. अलार्मची मांडणी चुकीची होती असं त्यात म्हटलं होतं. ती बदलली गेली, सगळ्या पडद्यांवर. धर्मेंद्रना दुसऱ्या विभागात हलवलं. दामिनीविषयी मधल्या एका परिच्छेदात एक वाक्य होतं, की नियंत्रकाने उपलब्ध माहितीच्या आधारे वेळीच कृती केली. पायलटच्या अस्पष्ट उत्तराची लगेच पुन्हा विचारणा व्हायला हवी होती, हेही पुढं होतं, आणि ते तिला पटलं. त्यावर तिनं कधी वाद घातला नाही. ती पुन्हा कामावर बसली. आता पाट्या लाल झाल्या की खोलीतले सगळेजण मान वळवून बघायला लागले होते, कारण आता लाल म्हणजे लालच असायचं.

पण पेपरात काही आलं नाही. एक ओळही नाही. ज्या सूत्रांनी तेव्हा सांगितलं होतं, त्यांना आता सांगावंसं वाटलं नाही. दामिनीनं पेपराच्या ऑफिसात फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसानं विचारलं, “अपघात झाला का?” नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग बातमी काय आहे?”

जानेवारीत लक्ष्मणरावांचा फोन आला. सव्वीस तारखेला झेंडावंदनाला ये, म्हणाले. तू निर्दोष सुटली हे टेकचंदकडून समजलं, फार आनंद झाला.

“काकाजी, मी आरोपी व्हती का?”

“तसं नाई गं.”

“मी येईन. पण आधी तुमी त्याच मुलींसमोर सांगा, की तेव्हा जे पडद्यावर दाखवलं ते खोटं व्हतं. तुमी सांगा, मी बाजूले उभी राहीन.”

“पाहतो,” लक्ष्मणराव म्हणाले. त्यांनी काही पाहिलं नाही, आणि सव्वीस तारखेला दुसऱ्याच कुणाच्या हस्ते झेंडा झाला.

दामिनी फेब्रुवारीत सुटीवर आली, तेव्हा शुभांगी मॅडम एका रविवारी घरी आल्या. सोबत सायकलींवर नववी-दहावीच्या सात-आठ मुली. शाळेनं पाठवलं नव्हतं, आपल्या मनानं आणलं आहे, असं मॅडमनी आल्या आल्या सांगितलं. निर्मलाबाईंनी अंगणात सतरंजी टाकली, पोह्यांचा चिवडा आणून ठेवला. मुली आधी लाजल्या, मग एकेक प्रश्न निघाला. पडदा केवढा असतो. इंग्रजी किती लागते. विमानं खाली उतरवता का. दामिनीनं जमिनीवर खडूनं मार्ग काढले, पाट्या काढल्या, कोपऱ्यातला आकडा काढला. यंत्र काय दाखवतं आणि माणसानं त्यात काय बघायचं असतं, हे तिनं सांगितलं. त्या दुपारची गोष्टही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आवाज न थरथरवता.

गुड्डी नावाची एक सडसडीत मुलगी सतरंजीच्या टोकाला बसली होती. ती शाळेतल्या त्या कार्यक्रमालाही होती. तिनं विचारलं, “ताई, आता तं सगळं बरोबर झालं नं?”

“अलार्म बरोबर झाला.”

“तुमाले अजून राग आहे का?”

निर्मलाबाईंनी लेकीकडं पाहिलं. दामिनीनं हातावरची खडूची भुकटी झटकली.

“आहे,” ती म्हणाली. “चिवडा घे.”